चारोळीचं उटणं

१

संत्र्याची साल उन्हात वाळवली की मेली. रंग जातो, वास जातो, उरतो नुसता कडूपणा. ती सावलीत वाळवायची, जुन्या धोतरावर पसरून, अन् रोज हातानं उलटवायची. हे मी सौंसरातल्या पन्नास बायांना तरी सांगितलं असेल. त्यातल्या अठ्ठेचाळीस जणींनी साल गच्चीवर उन्हातच टाकली. मग येतात विचारायला, काकू, तुमच्यासारखं उटणं आमचं काहून होत नाही?

साल, मसुराची डाळ, आंबेहळद, थोडा नागरमोथा अन् चारोळी. चारोळी नसली तर ते उटणं नाही, नुसतं पीठ आहे. ती दुधात भिजवायची अन् पाट्यावर वाटायची. मिक्सरात गरम होते, तेल सुटते. पार्लरवाल्या पोट्ट्या माझ्या उटण्याला नाक मुरडतात, अन् स्वतःचं लग्न ठरलं की रिकामा डबा घेऊन माझ्याच दारात उभ्या राहतात. मी चार टोमणे मारते अन् डबा भरून देते.

आमची दामिनी सव्वीस वर्षांची. इथंच एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवत होती. नाकीडोळी छान, हुशार, तोंडाची फटकळ, म्हणजे माझ्यावरच गेलेली. रंग मात्र ह्यांचा घेतला, रघुनाथरावांचा. ह्यांचा जन्म संत्र्याच्या बगीच्यात उन्हात गेला, त्यांना कोण विचारते? पोट्टीला विचारतात. दोन रिश्ते आले अन् चहा पिऊन गेले. एकानं फोनवर सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण आमच्या घरात सगळे गोरे आहेत. मी त्यांना असं काही सुनावलं की ह्यांनी माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला. पण खरं सांगते, फोन ठेवल्यावर मी दामिनीकडे पाहिलं ते त्या लोकांच्याच डोळ्यांनी पाहिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

तिसरा रिश्ता पांढुर्ण्याचा होता. मुलगा चेतन, बँकेत नोकरी. तो अन् त्याची आई जयश्रीबाई संक्रांतीनंतर पाहायला येणार होते. हातात एकवीस दिवस होते. मी दामिनीला म्हटलं, रोज सकाळी शाळेच्या आधी उटणं लावायचं, एक दिवस चुकवायचा नाही. ती हसली. मला पॉलिश करून राहिली का, असं काहीतरी म्हणाली. पण बसली.

२

आमची न्हाणी मागच्या अंगणात आहे. वर टिन, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात पाट. दामिनी माझ्याकडे पाठ करून पाटावर बसायची. मी आधी तिळाचं तेल जिरवायची, मग वाटीभर उटणं सायीत कालवून लावायची. जरा सुकलं की उलट्या हातानं चोळायची. खस्, खस्, खस्. वळ्या होऊन ते खाली पडते, अन् वळ्यांसंगं मळ.

लहानपणी मी अशीच आंघोळ घालायची तिला. तेव्हा ती पाढे म्हणायची, आता शाळेतल्या पोट्ट्यांचे किस्से सांगायची. सव्वीस वर्षांची पोरगी आईला कुठं अंगाला हात लावू देते? त्या सकाळी मला फार गोड लागल्या. रंग उजळो न उजळो, हे एकवीस दिवस माझे आहेत, असंही एकदा मनात आलं होतं.

चौथ्या दिवशी न्हाणीचं पाणी तुंबलं. वळ्या पाइपात जाऊन बसल्या होत्या. ह्यांनी तार घालून घालून पाइप मोकळा केला अन् मला बोलले. मग मी पाटाखाली परात ठेवायला लागली. वळ्या परातीत पडायच्या.

अन् तेव्हाच चारोळी संपत आली. चारोळी मला शेजारच्या कमलकाकू आणून द्यायच्या. त्यांचं माहेर लोधीखेड्याचं, तिथल्या बाजारात डोंगराकडची चारोळी येते. यंदा आलीच नाही म्हणाल्या. घरात होती ती दहा दिवस पुरली असती. मग मी काय केलं, परातीतल्या वळ्या गच्चीवर वाळवल्या, कुटल्या, चाळल्या अन् नव्या उटण्यात अर्ध्याला अर्ध्या मिसळल्या. त्यातली चारोळी कुठं वाया गेली होती? अन् मळ असला तर तिच्याच अंगाचा आहे, परक्याचा नाही. ज्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा होतो त्या घरची बाई दुसरं काय करेल?

कमलकाकू पापड न्यायला गच्चीवर आल्या अन् परात पाहून उभ्याच राहिल्या.

"हे उतरलेलं उटणं आहे का वो, वच्छला?"

मी हो म्हटलं.

"ते वाहत्या पाण्यात सोडते बाई. ठेवत नाही."

काहून म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ठेवत नाही, एवढंच. मी म्हटलं, तुम्ही चारोळी आणून द्या, मी सोडते. माझ्या असल्या बोलण्यावर त्या नेहमी हसतात. त्या दिवशी हसल्या नाहीत, पापड तसेच ठेवून खाली उतरल्या.

३

सहाव्या की सातव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. वाळलेल्या वळ्या मी वाटीत भरून राहिली होती. तीच वाटी, स्टीलची, काठाला माझं नाव कोरलेली. सकाळी त्याच वाटीनं मी उटणं मोजून घेतलं होतं, काठोकाठ एक वाटी. आता ती भरली तरी परातीत उरलं होतं.

वळ्या फुगीर असतात, मी म्हटलं. कुटून पाहिलं, अंगठ्यानं दाबून भरलं. तरी उरलं. मग तेलाची भर असेल, सायीची असेल. दुसऱ्या दिवशी साय घातलीच नाही, पाण्यात कालवलं. त्या दिवशी सव्वा वाटीच्या वर निघालं. माणसाच्या अंगातून काय कमी मळ निघते, असं म्हणून मी स्वतःलाच हसली. रोज आंघोळ करणाऱ्या पोरीच्या अंगातून.

अकराव्या दिवशी दोन वाट्या भरल्या.

मी बारावी सायन्स आहे. लग्नानंतर शिक्षण चुलीत गेलं, पण एवढं अजून कळते की वस्तू आपोआप वाढत नाही. इकडे वाढली तर कुठंतरी कमी होते. हे मनात आलं अन् मी वाटी घासून मांडणीवर पालथी ठेवली. त्या दिवसापासून मोजणं सोडून दिलं.

४

अन् रंग उजळला. खोटं काहून बोलू? असा उजळला की दूधवाला विचारायला लागला, ताईंची तब्येत बरी आहे ना? गल्लीतल्या बाया मला उटणं मागायला लागल्या. ह्यांनी एकदा जेवता जेवता म्हटलं, पोट्टी तुझ्यावर जायला लागली. मला इतका आनंद झाला की मी त्यांना जास्तीचं तूप वाढलं.

दामिनीच्या हातातल्या बांगड्या निसटायला लागल्या. आधी एक, मग सगळ्या, हात खाली केला की खळ्ळकन फरशीवर. ब्लाउज दोनदा आत घेतले. थंडीचे दिवस, शाळेत स्नेहसंमेलन, पोरगी नीट जेवत नाही, असं मी म्हटलं. पण ती जेवत होती. माझ्यासमोर बसून तीन पोळ्या खायची.

तिच्या डाव्या खांद्यामागं मसुराएवढा तीळ होता. जन्मापासूनचा. आंघोळ घालताना माझा हात तिथं आपोआप थांबायचा, नजर नको लागायला म्हणून. तेराव्या दिवशी हात थांबला तर तिथं काही नव्हतं. नुसती साफ कातडी. मी दिवा लावून पाहिलं. उजव्या खांद्यावर पाहिलं, मीच विसरली असेन म्हणून. आई अशी गोष्ट विसरत नसते. पण मी दामिनीला काही बोलली नाही, अन् चौदाव्या दिवशी परत उटणं लावलं.

परात तोवर मी गच्चीवरून खाली आणली होती. त्याचं कारण असं की संध्याकाळी वळ्या पसरून ठेवाव्या अन् सकाळी पाहावं तर त्या एका जागी गोळा होऊन दबलेल्या असायच्या, कणीक मळून ठेवावी तशा. दव पडलं असेल. मांजर येऊन बसली असेल. हात लावला की गरम लागायचं, अन् ऊन तर अजून गच्चीवर आलेलं नसायचं. वास मात्र छान यायचा, नुकत्या न्हालेल्या लेकराच्या टाळूसारखा.

म्हणून मी तो गोळा कोठीच्या खोलीत ठेवला, जिथं ह्यांचे संत्र्याचे क्रेट असतात. वर कपडा झाकला अन् दार ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी समोरच्या खोलीत गहू निवडत होती. हे बगीच्यात, दामिनी शाळेत. कोठीतून आवाज आला. खस्, खस्, खस्. उंदीर असा आवाज करत नाही. कागदाचा नाही, पोत्याचाही नाही. ज्या हातांनी हजार वेळा उटणं चोळलं त्या हातांना तो आवाज लगेच कळतो. आत कोणीतरी उलट्या हातानं, सावकाश, अंग चोळत होतं.

मी उठली नाही. गहू निवडत राहिली. थोड्या वेळानं आवाज थांबला, तेव्हा पाहिलं तर मी चांगले दाणेच बाहेर टाकले होते.

५

अठराव्या दिवशी दामिनी पाटावर बसली अन् म्हणाली,

"आई, आता राहू दे. मले लय हलकं लागून राहिलं."

हलकं म्हणजे कसं, मी विचारलं. तिला नीट सांगता येईना. म्हणाली, काल वर्गात अर्धा तास उभी होती, पोट्टे गोंधळ घालत राहिले. ती ओरडली तरी कोणी पाहिलं नाही. मग मोठ्या बाई आल्या अन् विचारलं, आज दामिनी मॅडम आल्या नाहीत का? ती त्यांच्यासमोर उभी होती. हे सांगताना ती हसत होती, पण हसणं तिच्यापाशीच राहत होतं, माझ्यापर्यंत येत नव्हतं. तिचा आवाज आता शेजारच्या घरातून यावा तसा यायचा.

तिथं मला थांबता आलं असतं. ही एकच जागा अशी आहे की तिथं माझं मन रोज जाऊन डोकं आपटते. वाटी माझ्या हातात होती. ती खाली ठेवायची होती, बस. मी म्हटलं, "तीनच दिवस राहिले बाई. लग्न झालं की भरशील."

ती पाठ करून बसली. मी चोळायला लागली तेव्हा हाताखाली इतकं कमी लागलं की माझे दोन्ही तळहात एकमेकांना भेटतात की काय, असं वाटलं.

६

ते लोक दुपारी बारा वाजता आले. चेतन अन् जयश्रीबाई, दोघंच. बाई बोलक्या होत्या. संत्र्याला यंदा भाव काय, पांढुर्ण्याहून इकडं यायचा रस्ता कसा, असं ह्यांच्याशी चालू झालं. मी आत पोहे परतत होती. दामिनी पिवळी साडी नेसून स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून खाली बसली होती. चक्कर येते म्हणाली. मी म्हटलं, पाच मिनिटं बस, चहा झाला की ट्रे घेऊन जा.

चहा गाळला. चार कप ट्रेमध्ये ठेवले. पोह्यांवर कोथिंबीर टाकायला वळली, अन् परत वळली तेव्हा ट्रे नव्हता.

गेली वाटते, मी म्हटलं. बाहेर बांगड्या वाजल्या. कप ठेवल्याचा आवाज आला. ह्यांचा आवाज ऐकू आला, "ही आमची दामिनी." जयश्रीबाई काहीतरी म्हणाल्या अन् सगळे हसले. मला हायसं वाटलं. हात पुसायला मी कपडा घेतला अन् सहज खाली पाहिलं.

दामिनी भिंतीला टेकून बसली होती. पिवळी साडी, मांडीवर दोन्ही हात. ती माझ्याकडे पाहत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाहेर कोण गेलं?"

७

मी पडद्यापर्यंत गेली.

पडद्याच्या फटीतून मला फक्त पाठ दिसली. साडी कोणती होती ते आठवत नाही. मान गोरी, ओलसर, नुकत्या न्हालेल्या बाईसारखी. केसांचा अंबाडा. ब्लाउजच्या काठावर, डाव्या खांद्यामागं, मसुराएवढा तीळ. चेतन तिच्याकडे पाहून एकदम नजर खाली घालत होता, जसे चांगल्या घरचे मुलगे घालतात. अन् आमचे हे, ज्यांनी दोन रिश्त्यांच्या वेळेस मान वर केली नव्हती, ते छाती काढून बसले होते. बापाच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? किळस नाही, भीती नाही. किती छान दिसून राहिली, हे आलं.

मग तिची मान वळायला लागली. सावकाश, माझ्याकडे. गालाची कड दिसली, कानामागं पिठासारखं काहीतरी सुकलेलं, बोटानं दाबल्याची खूण. मी पडदा सोडून दिला.

ह्यांनी हाक मारली, वच्छला, बाहेर ये. मी गेली. ती तोवर आत कुठंतरी निघून गेली होती, कोठीकडे. जयश्रीबाईंनी माझा हात हातात घेतला. मुलगी पसंत आहे म्हणाल्या, बोलणी पुढच्या रविवारी करू. मग जाता जाता, चप्पल घालता घालता, सगळे विचारतात तसं त्यांनी विचारलं.

"एकच ना मुलगी तुम्हाला?"

माझ्यामागं पडदा होता. पडद्यामागं दामिनी भिंतीला धरून उभी राहिली होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. ह्यांचा चेहरा माझ्यासमोर होता. मी दोघांच्या मधे उभी होती, अन् तोंड माझंच होतं.

"एकच," मी म्हटलं.

८

वैशाखात लग्न झालं. पांढुर्ण्याला, मोठ्या मंगल कार्यालयात. हळदीला बाया म्हणाल्या, हिला हळद लागल्यासारखी दिसतच नाही, आधीच इतकी पिवळी-गोरी. ती दर रविवारी फोन करते. बरी आहे म्हणते. सासू तिचं फार कौतुक करते. ती मला कधी काही विचारत नाही, मीही तिला काही विचारत नाही. हे तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलतात.

दामिनी कोठीत असते. तिला स्वयंपाकघरापेक्षा तिथं बरं वाटते, अंधार असते म्हणून. उटणं मी बंद केलं, चाळणीसुद्धा देऊन टाकली. परातीत उरलेलं घेऊन एकदा तिच्या अंगाला लावून पाहिलं, परत बसते का म्हणून. बसत नाही. खाली गळून पडते. कमलकाकूंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला अन् म्हणाल्या, वच्छला, आता कोनाले सांगू नको. तेव्हापासून त्या आमच्या घरी येत नाहीत.

हे कोठीत येतात, क्रेट ठेवतात. ती बसलेली असते तिथंच ठेवतात. ती पाय जवळ ओढून घेते. एकदा मी दारातच ओरडली, "अहो, तिथं नको!" त्यांनी वळून पाहिलं अन् विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उंदीर होता. ते गेल्यावर ती म्हणाली, बाबांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल.

दिवसभर मी काम करता करता तिच्याशी बोलते. ताटात तिच्यासाठी वाढते. शाळेतले किस्से ती अजून सांगते, तेच तेच, जुने. मी हसते. कधी तिचा हात माझ्या हातावर आहे असं वाटते, कधी नुसती गार हवा असते. तिचं नाक कसं होतं, भुवया कशा होत्या, हे मी रोज सकाळी उठल्याबरोबर मनात म्हणून घेते, देवाचं नाव घ्यावं तसं. लग्नातल्या फोटोंकडे मी पाहत नाही. ते पाहिले की तिचा चेहरा पुसट होतो.

परवा मी कोठीत कांदे घ्यायला गेली. तिनं हाक मारली.

"आई, तू तं पाहून राहिली ना मले?"

मी हो म्हटलं, अन् आवाज जिकडून आला तिकडे तोंड केलं.